हर्णैच्या होड्यांची तोंडं

समुद्रावर निसर्गचित्रणाला मुलं न्यायची तर मी आधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. डिसेंबरात हर्णैला गेलो त्या दिवशी चतुर्थी, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. सकाळी ओल्या वाळूत मांडलेले बोर्ड दुपारी उचलावे लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या. पहिला तास रंगावरून वाद घालण्यात गेला. सगळ्यांच्या पॅलेटवर प्रशियन ब्लू! तिथलं पाणी त्या दिवशी करडं होतं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना, वर जरासा पिवळा, एवढ्यात ते मिळत होतं. सकाळच्या दमट हवेत पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळत नाही आणि ऊन चढलं की ब्रश फिरायच्या आत कड धरते, म्हणून आभाळ आधी उरकायचं. पण मुलं फोटो काढतात आणि फोनकडे बघून रंगवतात. एवढा घाट उतरून यायचं आणि मान खालीच, याचा मला मनापासून त्रास होतो.

सोलापूरकडच्या एका मुलानं रंग उघडलेच नाहीत. कागदाचे आडवे पट्टे पाडून तो दिवसभर एकच होडी काढत राहिला. नुसती पेन्सिल. मी मधे बोललो नाही.

दुपारी जाळं विणत बसलेले एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, उठून चित्रं बघायला आले. वर्गातल्या सगळ्यात देखण्या चित्रापाशी थांबून म्हणाले, "ह्या होडीला वारा गावातनं लागतोय नि हिला समुद्रातनं. एका बंदरात दोन वारे कसे?"

नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करते. सकाळी जमिनीवरून मतलई वाहते तेव्हा नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, गावाकडे असते. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की सगळ्या होड्या फिरतात. त्या मुलीनं पुढच्या होड्या सकाळी काढल्या होत्या, मागच्या जेवणानंतर. मग तांडेलांनी सोलापूरकराच्या कागदावर बोट ठेवलं. "ही सकाळची. इथं वारा पडलाय, दोर ढिला आहे बघा. ही आत्ताची." कागदावर वेळ कुठेच लिहिलेली नव्हती.

मूल्यमापनात मात्र पाव इंपिरियल मापाच्या कागदावरचं पूर्ण जलरंगचित्र लागतं. त्याच्या कागदावर शेरा पडला, 'अपूर्ण, सरावाचं रेखाटन', आणि वर्गातले सर्वांत कमी गुण. दोन वाऱ्यांचं चित्र पहिलं आलं. मी भांडलो. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, चित्र म्हणजे बंदराची नोंदवही नव्हे. ते मलाही मान्य आहे. रचनेसाठी होडी हलवावी, फिरवावी, हवी तर गाळावी. पण ती फिरलेली दिसल्यावर आपण ठरवून फिरवणं वेगळं आणि समोर फिरली तरी न दिसणं वेगळं. जागेवर बसून चित्र काढायला लावायचं ते याच्यासाठीच ना? नाहीतर वर्गात कॅलेंडर टांगलं तरी भागतं.

त्या मुलीचं पाणी सुंदर उतरलं होतं, तिचे गुण कमी व्हावेत असं मला वाटत नाही. मला त्याचे वाढवून हवे आहेत. जागेवरच्या रेखाटनांना वेगळे गुण ठेवा, असा अर्ज मी दिला आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि त्याचा कागद मी मागून घेतला आहे.