पाच पाऊण पावणेचार

खांदेरीच्या जलदुर्गाला बोटीने वळसा मारून यायचं ठरलं, आणि बोट ठरवताना पहिला वाद झाला तो वेळेवरून. आम्ही पुण्याची माणसं. सहल म्हणजे पहाटे साडेचारला चांदणी चौक मागे पडलेला हवा. आत्तेभावाने तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, फोन करून सांगितलं, सकाळी नऊला अलिबागजवळच्या मांडव्याहून सोडा, ऊन लागणार नाही. पलीकडून उत्तर आलं, "सकाली पानी नाय साहेब. दीड वाजता निघू." समुद्रात पाणी नाही, हा विनोद मग आठवडाभर कोथरूडच्या घरात फिरत राहिला.

खोपोली, पेण, वडखळ. वडखळला अडकायचं तेवढं अडकलो आणि साडेबाराला मांडवा जेट्टीवर पोचलो. बोट चाळीस फुटी, पांढरी, वर मोकळा डेक, खाली दोन केबिन. फोटोत याच्या दुप्पट दिसत होती. पण स्वच्छ होती, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याला हात देऊन चढवणारा खलाशी इतका हळुवार होता, की माझी निम्मी तक्रार तिथेच विरली.

तांडेल थळचा कोळी. आत्याने चढता चढता त्याला विचारलंच, "काय हो, सकाळी पाणी नव्हतं म्हणजे काय?" तो म्हणाला, "आजी, आज तिथी कुठली?" आत्याला तिथी विचारणं म्हणजे बँकेत कॅशियरला शिल्लक विचारणं. "पौष वद्य पंचमी." "मग तिची पाऊणपट करा."

आत्या क्षणभर थांबली आणि शाळेतल्या सुरात म्हणाली, "पाच पाऊण पावणेचार."

"बरोबर. पावणेचारला भरती भरनार. सहा तास मागं जा, सकाली ओहोटी. उंदेरीजवल खडक उघडे."

पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ असूनही जन्मभर आत्याला त्याचा उपयोग भाजीवाल्याशी हुज्जत घालण्यापलीकडे झाला नव्हता. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अमावास्येलाही तेवढेच. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. पुढचा अर्धा तास ती दोघं तिथ्यांवर बोलत होती. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. मला कोणी विचारतच नव्हतं.

बोट सात नॉटने चालली होती, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. संध्याकाळी लक्ष्मी रोडवर स्कूटर चालते तेवढा वेग. सासवण्याची, किहीमची सुरूची झाडं सरकताना दिसत नव्हती. चहा पिऊन वर पाहिलं की मात्र वेगळी असायची. मधेच तांडेल सरळ रस्ता सोडून लांबून वळसा घ्यायचा. पाण्यावर काळ्या फडक्यांच्या काठ्या डुलत होत्या. त्यांच्याखाली जाळी. पंख्यात दोर गुंतला तर आपला दिवस जातो आणि जाळंवाल्याचा महिना, असं तो म्हणाला.

खांदेरी जवळ आली तेव्हा मी डेकवर पुढे जाऊन उभा राहिलो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांत ही आहे. त्यातले राजगड, लोहगड, शिवनेरी मी पायांनी मोजलेत. खांदेरी मात्र थळच्या किनाऱ्यावरून पाहिली होती, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी. किल्ला म्हणजे उंची, असं डोक्यात बसलेल्या माणसाला या ठेंगण्या बेटाचं काही वाटलं नव्हतं. बोटीतून मान वळवली आणि उत्तरेला धुरकटात कुलाब्याच्या इमारती दिसल्या. मुंबई बंदरात शिरणारं-निघणारं जहाज इथून चुकणं अवघड. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी इथे तटबंदी सुरू करताच इंग्रज का बिथरले, ते त्या एका मान वळवण्यात कळलं. इंग्रजांनी मोठी गलबतं आणून बेट कोंडायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या, आणि ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाजही पकडलं गेलं. पुढच्या वर्षी सिद्दी शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला. त्याच उथळ पाण्यात आमचा तांडेल खोली दाखवणाऱ्या पडद्याकडे डोळे लावून बोट हाकत होता.

बेटावर उतरायचं नव्हतं. १८६७ चं दीपगृह डाव्या अंगाला आलं तेव्हा तांडेलाने सुकाणूवरचा एक हात काढून कपाळाला लावला. "बेटावरचा वेताल," एवढंच बोलला.

वळसा संपवून नांगर टाकला. पाणी सहा मीटर, साखळी तीस मीटर सोडली. जेवायला बसायचं ठरलं, आणि मला बोट लागली.

चालत्या बोटीत काही झालं नव्हतं. थांबल्यावर ती लाटेला आडवी झाली आणि पाळण्यासारखी या कुशीवरून त्या कुशीवर जाऊ लागली. वहिनीने गुळपोळीवर तूप सोडलं त्या वासाने उरलंसुरलं काम केलं. तीस वर्षं सह्याद्री तुडवणारा मी कठडा धरून ओणवा, आणि मागे आत्या दुसरी गुळपोळी मागतेय. खलाशाने माझी मान धरून किनाऱ्याकडे वळवली. "कनकेश्वराकडं बघा. तो हलत नाय." डोंगराकडे टक लावून वीस मिनिटं उभा राहिलो. आवळासुपारीही दिली कोणीतरी. जेवण राहिलं ते राहिलंच.

परतीला ऊन कलंडलं होतं. मांडव्याला उतरताना आत्याने जेट्टीच्या खांबाकडे बोट दाखवलं. शेवाळाच्या कडेशी पाणी जिथे दीडला होतं, जवळजवळ तिथेच होतं. "वर जाऊन खाली आलं," ती म्हणाली.

मंगळवारी ऑफिसातून निघत होतो तेवढ्यात तिचा फोन. प्रकृतीबिकृती काही नाही, थेट मुद्दा.

"आज सप्तमी. सव्वापाच झाले बघ."