पंचवीस पॉइंट अडतीस

तात्या त्या संध्याकाळी वर्गात आले ते थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. एरवी ते सगळ्यांच्या आधी येतात, पंखा लावतात, फळा पुसून ठेवतात. त्या दिवशी कंपनीचा शर्टसुद्धा बदललेला नव्हता. मी हजेरी घेतली तेव्हा तोंडातून 'हजर'ही नाही, नुसता हात वर.

सातपूरला अशोकनगरच्या पुढे, एका देवळाला लागून आमची खोली आहे. सोमवार ते शुक्रवार, साडेसात ते नऊ. वर्ग एक म्हणायचा, पण आत तीन भरतात. एका बाजूला सतरा नंबरवाले, म्हणजे बाहेरून दहावीला बसणारे. त्यांची तयारी बीजगणितापासून सुरू होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला गावाकडच्या कुठल्या पेटीत आहे, इथून सुरू होते. दुसरे कंपन्यांतले हेल्पर आणि पॅकर, ज्यांना ऑपरेटर व्हायचंय. आणि तिसऱ्या बायका, ज्यांना बँकेची स्लिप, मुलांच्या शाळेचे मेसेज, दवाखान्याची चिठ्ठी स्वतःची स्वतः वाचायची आहे. आमच्याकडून दहावी-बारावी करून गेलेला एक जण आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. विद्यापीठ 1989 पासून आमच्या नाशकातच आहे, गोवर्धनला. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. आमचा बी.ए.वाला म्हणतो, "गंगा घरी येते मॅडम, पण माझी सेकंड शिफ्ट असते."

असो. तात्यांचं सांगत होते.

तात्या मूळचे येवल्याकडचे, सेहेचाळिशीचे, आठवीतून शाळा सुटलेले. एका कंपनीत 19 वर्षं हेल्पर. त्या आठवड्यात इन्स्पेक्शनचा मुलगा रजेवर गेला म्हणून सुपरवायझरने तात्यांना तिथे बसवलं. काम सोपं: टर्निंग होऊन आलेल्या बुशचा, म्हणजे नळीसारख्या गोल भागाचा, बाहेरचा व्यास मोजायचा, ड्रॉईंगशी ताडून पाहायचा, चांगला पीस निळ्या ट्रेमध्ये, वाईट लाल. तात्यांना वाटलं, आता आपला नंबर लागला. शिफ्ट सुटता सुटता सुपरवायझर आला आणि बघतो तर लाल ट्रेमध्ये 60 पीस. चार-दोन उचलून मोजले, सगळे चांगले.

"एकोणीस वर्षं काय गोट्या खेळत होतात का, म्हणाला. सगळ्यांसमोर. माझ्या पोराएवढा आहे तो." तात्या माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी बरोबर मोजलं होतं मॅडम. मोजण्यात माझी चूक होत नाही."

खिशातून त्यांनी छोटी डायरी काढली. प्रत्येक पीसचं माप लिहून ठेवलेलं, सुबक अक्षरात. मी ड्रॉईंगवरचा आकडा विचारला. 25.4 मिलिमीटर, अधिक-उणे 0.05. आणि डायरीत ओळीने: 25.38, लाल. 25.42, लाल. 25.4, निळा. 25.36, लाल.

"हे 25.38 लाल का?"

"चार पाहिजे. पाचने इकडे-तिकडे चालतं, म्हणजे लई तर नऊ. हे तर अडतीस आहे."

मी गप्प झाले. कारण हिशेबात कुठे फट नव्हती. चार अधिक पाच, नऊ. अडतीस नऊपेक्षा मोठे. मापही बिनचूक होतं. कंपनीतला व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायची पट्टी, जुना, रेघांचा. मोठा आकडा बघायचा, पुढच्या रेघा मोजायच्या, एक रेघ दोनची. तीनच्या पुढे चार रेघा म्हणजे अडतीस. हे तात्यांना तिथल्या सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने, शिकवलेलं आणि ते पक्कं बसलेलं. नेमकी चारच्या आकड्यावर रेघ जुळली की ते लिहीत 25.4. डिजिटल व्हर्नियर असता तर त्याने 25.40 दाखवलं असतं, शून्यासकट, आणि कदाचित हा घोटाळाच झाला नसता.

दशांश अपूर्णांक मी तीन आठवडे शिकवला होता. दशांश, शतांश, सहस्रांश, घरं पाडून, रंगीत खडूने. आणि तोंडाने काय म्हणत होते? "पंचवीस पॉइंट अडतीस." आपण सगळे तसंच म्हणतो, टीव्हीवरही तसंच म्हणतात. शाळेत माझे गुरुजी 'तीन आठ' असं सुटं म्हणायला लावायचे, ते मी केव्हा सोडून दिलं मलाही आठवत नाही. एकदा का तोंडाने 'अडतीस' म्हटलं की ते अडतीस होतं, मग समोरचा 'चार' बिचारा चारच राहतो. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसले होते. मोठ्या माणसांना शिकवायला लागल्यापासून तेवढं हसू येत नाही.

मी फळ्यावर पुन्हा घरं पाडायला घेतली. तात्या मान हलवत होते. मान हलवणं आणि कळणं यातला फरक इतक्या वर्षांत मला ओळखता येतो. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझाच आवाज चढला. तेवढ्यात मधल्या बाकावरून मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्यांना काय सांगू राहिले? त्याला शून्य लावा की."

मावशी गिरणाऱ्याच्या, सातपूरला भाजी विकतात. पहाटे पंचवटीच्या बाजार समितीतून माल आणायचा, दिवसभर विकायचा, रात्री वर्गाला यायचं. 2024 च्या मार्चमध्ये उल्लासची, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची, परीक्षा दिली त्यांनी: वाचन, लेखन, संख्याज्ञान, तिन्ही 50-50 गुणांची. पास झाल्या, पण "माझं वाचणं अजून बैलगाडीचं आहे" म्हणून येणं चालू ठेवलं. त्या दिवशी त्या हातात घडी घातलेला एक कागद घेऊन बसल्या होत्या. तुमचं शिकवणं झालं की वाचून दाखवा, असं मला आल्या आल्या सांगितलं होतं.

"कशाला शून्य लावू मावशी?"

"ह्या चारला. माझ्या काट्यावर कायम तीन घरं असतात टिंबाच्या पुढं. पाव किलो ठेवलं तर दोन पाच शून्य. अर्धा ठेवलं तर पाच शून्य शून्य. नुसता पाच कधीच येत नाही. नुसता पाच आला तर मी काटाच बदलून टाकीन."

मी खडू त्यांच्या हातात दिला. त्या उठल्या, पदर खोचला आणि फळ्यावर एकाखाली एक लिहिलं:

25.400
25.380

"पंचवीस किलो चारशे ग्रॅम मागितलं. तुम्ही पंचवीस किलो तीनशे ऐंशी भरलं. किती कमी?"

"वीस ग्रॅम," तात्या म्हणाले.

"आणि गिऱ्हाईक काय म्हणालं होतं? किती चालंल?"

तात्यांनी ड्रॉईंगवरचा 0.05 डायरीत लिहिला. थांबले. मग त्याच्यापुढे स्वतःच एक शून्य दिलं. 0.050. "पन्नास ग्रॅम."

"मग वीस ग्रॅमसाठी अख्खं गिऱ्हाईक परत पाठवलं का तुम्ही? साठ गिऱ्हाईकं!"

वर्ग हसला, सतरा नंबरवाले जरा जास्तच. तात्या हसले नाहीत. ते डायरीत खाली मान घालून एकेका मापाला शून्य लावत होते. 25.380. 25.420. 25.360. पेन्सिलीचं टोक मोडलं, शेजारच्याकडून पेन घेतलं. टॉलरन्स म्हणजे काय हे मी त्यांना दोन वेळा इंग्रजी शब्दासकट समजावलं होतं. भाजीच्या गाड्यावर ती गोष्ट रोज संध्याकाळी चालते, 'थोडं इकडं-तिकडं चालेल ना' म्हणून, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मीही तिथूनच भाजी घेते.

पान उलटल्यावर तात्यांचा हात थांबला.

"मॅडम, हे बघा."

25.5, निळा. खाली अजून एक, 25.5, निळा.

"पाच म्हणजे नवाच्या आत, म्हणून पास केले मी." त्यांनी हळूच शून्यं लावली. 25.500. शंभर ग्रॅम जास्त. चालणार होते पन्नास.

आता खोली खरोखर शांत झाली. लाल ट्रेमधले चांगले पीस ही भानगड शिवीवर निभावली होती. पीस कुठे जाणार नव्हते. पण निळ्या ट्रेमधले हे दोन वाईट पीस पॅकिंगला गेले होते, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, "सोडा ना तात्या, दोन तर आहेत. आज एकदा खाल्ल्या शिव्या, पुरे झालं." मला काय बोलावं कळेना. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटून गेलं क्षणभर. त्यांची नोकरी काँट्रॅक्टरकडची, कायम नाही. 19 वर्षांनंतरही.

तात्या फोन घेऊन बाहेर पायरीवर गेले. सेकंड शिफ्टला त्यांचा तोच सेटर होता. उघड्या दारातून ऐकू येत होतं. "अरे, निळ्या ट्रेमधले दोन पीस बघ... हो, माझेच... अर्ध्या मिलिमीटरवर रेघ जुळते त्यांची. नाही, पंचवीस पॉइंट पाच शून्य. पाच शून्य म्हण." नंतर बराच वेळ नुसतं ऐकणं. आत आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"पेट्या अजून बंद नाही झाल्या. काढतो म्हणाला."

उरलेला अर्धा तास मी पुस्तक उघडलंच नाही. मावशींनी फळा सोडला नाही. त्या वजन सांगत, तात्या मिलिमीटर सांगत. पाव म्हणजे 0.250, पाऊण म्हणजे 0.750, सव्वा 1.250, अडीच 2.500. तात्यांना वडिलांची पाऊणकी आणि दिडकी थोडी थोडी आठवत होती, तीही त्यांनी म्हणून दाखवली. शाळेत आता ती कोणी शिकवत नाही. सतरा नंबरमधल्या एका मुलीने विचारलं, 0.125 म्हणजे काय? मावशी एका दमात म्हणाल्या, "आतपाव." माझ्या तीन आठवड्यांच्या रंगीत खडूचं काय झालं ते मी पाहत होते. वाईट वाटलं म्हणणार नाही, पण जरा टोचलं.

नऊ वाजून गेले, कुलूप लावलं, सगळे पांगले.

दुसऱ्या दिवशी लाल ट्रे पुन्हा तपासला तेव्हा साठातले चार खरोखरच बाद निघाले, बाकीचे निळ्यात गेले. दोन पिसांच्या फोनबद्दल सुपरवायझर बरं-वाईट काहीच बोलला नाही. रजेवरचा मुलगा परत आला आणि तात्या परत लोडिंगला गेले. त्यांनी ड्रॉईंगवर पेन्सिलीने शून्य लावायचा प्रयत्न केला, तर ड्रॉईंगवर काही लिहायचं नसतं म्हणून तेही थांबवलं. आता डायरीच्या पहिल्या पानावर त्यांनी सगळी ड्रॉईंगची मापं शून्यांसकट उतरवून ठेवली आहेत. ऑपरेटरच्या परीक्षेला बसायचं म्हणतात. मी आता कुठलाही दशांश सुटा वाचते, आणि चुकून 'पॉइंट अडतीस' निघालं तोंडातून तर मागून कोणीतरी खाकरतं.

पण त्या रात्री घरी जेवायला बसले आणि मला मावशींचा कागद आठवला. त्यांनी मागितलेलं एकच काम माझ्याकडून राहून गेलं होतं. सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांच्या गाड्यावर गेले. कागद वीजबिलाचा होता. मागील रीडिंग, चालू रीडिंग, एकूण वापर, सगळं त्यांनीच अडखळत वाचलं. मी फक्त बोट फिरवत होते. देय दिनांकाशी आलो. तारीख कालची होती.

"म्हणजे काल रात्री मोबाईलवरून भरलं असतं तर जमलं असतं?"

"जमलं असतं मावशी."

"आता?"

बिल 800 चं होतं. मी सांगितलं, उशीर झाला की विलंब आकार लागतो, सव्वा टक्का. टक्का हा शब्द त्यांनी ऐकून सोडून दिला. बाजार समितीत पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर होतो, 100 जुड्यांचा भाव पुकारतात; त्यांची गणितं तिथली. "शेकडा सव्वा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आठ शेकडे. आठ सव्वा दहा." मी खाली बघितलं. मुदतीनंतरची रक्कम छापलेली होती: 810.

मी कोथिंबिरीची एक जुडी उचलली. माझ्याकडून मावशी कोथिंबिरीचे पैसे कधी घेत नाहीत, भाजीबरोबर अशीच पिशवीत टाकतात.

"दहा रुपये," मावशी म्हणाल्या आणि हात पुढे केला.