सेंटओएस ७ वर आपलं काय काय चालतं?

सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) ३० जून २०२४ ला संपणार होता. त्याच्या वर्षभर आधी आमच्या साहेबांनी मला एवढंच विचारलं, "यावर आपलं काय काय चालतं?" मी चाकणच्या एका कारखान्यात आयटीला आहे. सर्व्हरची यादी माझ्याकडे होती. अ‍ॅप्लिकेशनची यादी लायसन्सच्या बिलांमुळे फायनान्सकडे होती. कुठलं अ‍ॅप्लिकेशन कुठल्या सर्व्हरवर, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आर्ची हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मी आर्किमेट पद्धतीने, म्हणजे कंपनीच्या सिस्टीम आणि त्यांचे संबंध चौकोन-बाणांनी दाखवायच्या ठरलेल्या पद्धतीने, नकाशा काढायला बसले. पहिला आठवडा एकाच वादात गेला: ओरॅकल डेटाबेसला अ‍ॅप्लिकेशन म्हणायचं की आयटी कम्पोनंट? शेवटी आम्ही कसोटी ठरवली. कामगार किंवा क्लार्क ज्याचं नाव घेऊन तक्रार करतो ते अ‍ॅप्लिकेशन. ते चालायला खाली जे लागतं ते कम्पोनंट. आणि पाच-सात अ‍ॅप्लिकेशनं ज्या एका पायावर उभी आहेत आणि जो पाया एकच टीम सांभाळते, तो प्लॅटफॉर्म, उदाहरणार्थ आमचा व्हर्च्युअल मशीनचा क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर, ज्यांवर अनेक आभासी सर्व्हर चालतात).

कम्पोनंट मी नुसता 'सेंटओएस' असा नोंदवला होता. तो मोडून व्हर्जनप्रमाणे वेगळा केला, कारण सेंटओएस ८ नवं असूनही ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद झालं होतं आणि जुनं ७ अजून जिवंत होतं. सगळं एकाच चौकोनात कोंबलं तर तारीख कोणती लिहिणार?

बाणांनी खूप छळलं. आर्किमेटमध्ये 'सर्व्हिंग'चा, म्हणजे एक दुसऱ्याला सेवा देतो हे दाखवणारा, बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. आमचे डेव्हलपर 'कोण कोणावर अवलंबून' या हिशोबाने नेमका उलटा काढायचे. असे कितीतरी बाण मी हाताने फिरवले.

खरी गोष्ट कळली ती डिस्पॅचला. तिथल्या एका जुन्या काकांना विचारलं, लेबलं कुठून छापतात? ते म्हणाले, "मॅडम, रात्री दोनला लेबलं अडकली की आम्ही त्या कोपऱ्यातल्या मशीनची वायर काढून परत लावतो." कपाटामागे धुळीने भरलेला एक डेस्कटॉप होता. कुठल्याच यादीत नाही. आत सेंटओएस ७, आणि दर पाच मिनिटांनी ईआरपीतून (ऑर्डर, माल, हिशोब सांभाळणाऱ्या आमच्या मुख्य सॉफ्टवेअरमधून) फाइल उचलून लेबल प्रिंटरकडे टाकणारी एक स्क्रिप्ट. माझ्या नकाशात ईआरपी आणि लेबलिंग यांच्यामध्ये एकच सरळ 'फ्लो' (माहिती इकडून तिकडे जाते हे दाखवणारी) रेषा होती. ती तोडून मी मध्ये हे मशीन घातलं. गाड्या गेटवर उभ्या राहतील की नाही, हे या मशीनवर ठरत होतं.

त्यानंतर मी प्रत्येक विभागात जाऊन बसले. विचारायची पद्धतही बदलली. "तुमची सिस्टीम कोणती?" असं न विचारता "बंद पडलं की आधी कुठे हात लावता?" असं विचारायला लागले. असे आणखी काही कोपरे सापडले.

बहुतेक सगळं आम्ही अल्मालिनक्स ९ या सेंटओएससारख्याच दुसऱ्या लिनक्सवर नेलं. टेस्टिंग बेंचची दोन मशीन राहिली, कारण त्या बेंचचं सॉफ्टवेअर नव्या लिनक्सवर चालत नाही. ती वेगळ्या नेटवर्कवर टाकली आणि नकाशात त्यांच्या रेषेवर शेवटची तारीख आणि जबाबदारी कोणाची, हे लिहून ठेवलंय.

काकांचं मशीन मे महिन्यात हललं. त्या रात्री दोन वाजता मी डिस्पॅचला प्रिंटरजवळ उभी होते. लेबलं छापली गेली. काकांनी पहिलं लेबल फाडून माझ्या हातात दिलं आणि दुसरं खोक्यावर चिकटवलं.