पळसपापडी आणि ओली गादी

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यातील आमच्या मळ्यात चाळीसेक गावरान कोंबड्या आहेत. त्यांना जंत झाले की आजी पळसपापडी देत असे. होळी उलटून महिना-दीड महिना झाला आणि पळसाच्या शेंगा वाळल्या, की ती आतली चपटी, तांबूस बी काढी, पाट्यावर वाटून गुळाच्या पाण्यात कालवी आणि ज्वारीच्या कण्यांना चोळी.

हा उपाय पोकळ नाही. पळसाच्या बियांतील पॅलासोनिन हा घटक कोंबडीच्या गोलकृमींना मारक ठरतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र बाजरीच्या कणसावर बसणाऱ्या हिंगे या किड्यांच्या अंगात जे दाहक विष असते, त्याचाच तो जवळचा नातलग आहे. त्यामुळे ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. पपईच्या चिकातील पपेन कृमींचे बाह्य आवरण पचवते, म्हणून कच्च्या पपईचाही उपयोग सांगतात. पण तो चिक हाताला लागला तरी आग होते.

माझी खरी चूक वेगळीच होती. गेल्या आषाढात चार आठवड्यांची बावीस पिले पंख सोडून, मान आखडून कोपऱ्यात बसू लागली. मी जंत समजून दोन दिवस लसणाचे पाणी आणि पळसपापडी देत राहिलो. तिसऱ्या दिवशी विष्ठेत रक्त दिसले आणि संध्याकाळपर्यंत सात पिले गेली. पशुवैद्यांनी एक पिलू फाडून दाखवले, तेव्हा आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन्ही आंधळ्या पिशव्या काळपट रक्ताने फुगलेल्या होत्या. ती रक्ती हगवण होती. आयमेरिया हा तिला कारणीभूत असलेला जीव एकपेशीय असतो, आणि कृमींवरचे औषध, मग ते पाट्यावरचे असो वा दुकानातले, त्याला लागू पडत नाही. उरलेल्या पिलांना पिण्याच्या पाण्यातून अँप्रोलियम दिले. हे औषध जीवनसत्त्व ब-१ सारखे भासून त्या जीवाची उपासमार करते. पिले सावरली.

हळद, लसूण आणि आर्टेमिसिया (दवण्याच्या कुळातली वनस्पती) यांचे रक्ती हगवणीवर प्रयोग झालेले आहेत, आणि खाद्यातली चिमूटभर हळद मीही बंद केलेली नाही. पण रक्त पडू लागल्यावर तिच्या भरवशावर बसणे म्हणजे पिले हातची घालवणे. शिवाय रोगाचे मूळ आमच्या गळक्या पाणभांड्याखालीच होते. विष्ठेतून पडलेली आयमेरियाची अंडी खुराड्यात अंथरलेल्या तुसाच्या उबदार, ओल्या गादीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, आणि साध्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत.

आता भांडे विटांवर ठेवतो, तूस रोज खालीवर करतो आणि ओला भाग त्याच दिवशी उपसून टाकतो. पळसपापडीची बरणी अजून फडताळात आहे, पण ती उघडण्याआधी विष्ठेचा नमुना तालुक्याच्या दवाखान्यात तपासून आणतो.