तयार तंबू सोडून डोंगरात कशाला?

पुण्याहून दीड-दोन तासांवर पवना धरणाच्या काठी तंबू, गादी, जेवण आणि शौचालय सगळे तयार मिळत असताना, तुम्ही मित्रमंडळी पाठीवर ओझे घेऊन वेल्हे तालुक्यातल्या केळद गावाच्या पुढे मढे घाटाच्या माथ्याकडे, तंबूसुद्धा न नेता, मुक्कामाला कशासाठी जाता, असे मला नेहमी विचारले जाते. शांततेसाठी, हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. आमच्यातला एक जण असा घोरतो की शांतता औषधालाही उरत नाही. खरे कारण हे की रात्र कुठे काढायची ते तिथे आम्हाला ठरवावे लागते आणि त्यासाठी डोंगर समजून घ्यावा लागतो.

सुरुवात पाण्यापासून होते. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, थरांचा आहे. भेगाळ थरातून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थराशी अडते आणि कड्याच्या पोटाशी झरा होऊन बाहेर पडते. डिसेंबरात वाहता असलेला झरा मार्चनंतर आटलेला असू शकतो, म्हणून वाटेवरच्या वस्तीत पाण्याची आणि मुक्कामाची विचारपूस केल्याशिवाय आम्ही पुढे सरकत नाही. मात्र पाणी सापडले म्हणून ओढ्याकाठीच पथारी टाकायची नाही. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन उतारावरून घळीत साचते. म्हणून थोडे वर, झाडाखाली झोपणाऱ्याला थंडीही कमी लागते आणि दवही. या जागेवरून आमच्यात दर वेळी वाद होतो, आणि तो मला पिठल्याइतकाच प्रिय आहे.

चूल मांडायची ती उघड्या कातळावर, कारण हिवाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगीही वणव्यासाठी पुरते. वारा जोरात असेल किंवा जवळच्या कड्याला आग्यामोहोळ लटकलेले असेल, तर चूल पेटवायचीच नाही आणि घरून आणलेल्या भाकरी-ठेच्यावर भागवायचे.

पवनेकाठच्या तंबूंना मी नावे ठेवत नाही, फक्त तिथे जागा आधीच कोणीतरी ठरवलेली असते. लहान मुले किंवा गुडघे दुखणारे मित्र सोबत असले, की आम्हीही तिथलेच तंबू ठरवतो.