तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगा अमेरिकेत आणि शिव्याही अमेरिकेलाच, हे कसं?

हा प्रश्न लोकांनी मला कुठे कुठे विचारलाय ते सांगायला नको. मुंजीत, पेन्शनरांच्या गेट-टुगेदरला, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरने, माझं तोंड उघडं आणि त्यात कापूस कोंबलेला असताना, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. प्रश्न असा की पोरगा न्यू जर्सीत, दोन-तीन वर्षांनी तुम्ही दोघं तिकडे जाऊन महिना-दोन महिने राहणार, तिथल्या फुकटच्या लायब्ररीत एसीत बसणार, आणि इकडे परत आलात की व्हिएतनाम झालं, इराक झालं, येमेन झालं, अमेरिकेच्या नावाने खडे फोडणार, हे कसं काय बुवा? कोणी हसत विचारतं, कोणी तिरकं, आणि आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र तर सरळ म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने.

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढतो, कारण कट्ट्यावर माझं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत कोणीतरी चीन काढतं.

मिठाचं माहीत नाही, पण गहू मात्र मी खाल्लाय. 1966 साली मी आठ वर्षांचा, आम्ही बार्शीला. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिलेला आणि रेशनवर मिळायचा तो अमेरिकेचा तांबडा गहू. आई कणीक मळून मळून थकायची पण पोळी तव्यावरून उतरली की पाच मिनिटांत वातड, दोन्ही हातांनी ओढली तरी तुटायची नाही. आजीला दात नव्हते, ती पोळी दुधात भिजत घालायची, दूध म्हणजे निम्मं पाणीच, आणि प्रत्येक घासाला त्या गव्हाचा उद्धार करायची. "मेल्यांनी जनावरांचं पाठवलंय." रोज खायची आणि रोज नावं ठेवायची. शाळेत खाऊसाठी भरडलेला गहू यायचा, त्याच्या कापडी पोत्यावर हातात हात मिळवलेले दोन पंजे छापलेले असायचे, त्यातल्या एका पोत्याची आईने पिशवी शिवली होती आणि वडील पुढची कित्येक वर्षं ती घेऊन आठवडी बाजाराला जायचे. म्हणजे भारत-अमेरिका मैत्री आमच्या घरात खुंटीला टांगलेली असायची, आत मेथीची जुडी.

तो गहू कसा आला हे मला फार उशिरा कळलं. पीएल-480 हा अमेरिकेचा 1954 चा कायदा. त्यांच्या शेतकऱ्यांचं धान्य कोठारांत मावेना, म्हणून ते गरीब देशांना द्यायचं आणि पैसे त्या देशाच्याच चलनात घ्यायचे. आपण 1956 मध्ये करार केला, पैसे रुपयात दिले, म्हणजे अगदीच भीक नव्हती, पण डॉलर मोजून घ्यायची ऐपत नव्हती हेही खरंच. 1966 मध्ये आपण बाहेरून जवळजवळ एक कोटी टन धान्य आणलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. जहाज बंदराला लागलं की माल थेट रेशनच्या दुकानात, साठा म्हणून काही नाहीच. आणि हा नळ प्रेसिडेंट जॉन्सन यांनी स्वतःच्या हातात ठेवला होता, वर्षाचा माल एकदम मंजूर करायचा नाही, थोडा थोडा सोडायचा, आणि त्यासाठी भारतात कुठे किती पाऊस पडला याचा हिशोब हे गृहस्थ व्हाइट हाउसमध्ये बसून बघायचे. बार्शीत ढग आले का हे आमच्याआधी त्यांना कळत असेल.

याच वर्षी मार्चमध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला जाऊन आल्या, जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, एका रात्रीत डॉलर 4.76 वरून 7.50 वर, आणि जुलैमध्ये बाई मॉस्कोत गेल्या आणि तिथल्या संयुक्त निवेदनात अमेरिकेची व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा म्हणून सही करून आल्या. जॉन्सन भडकले. तेव्हा दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते चेस्टर बोल्स, भला माणूस, त्यांनी समजूत घालायला वॉशिंग्टनला कळवलं की इंदिरा गांधी वेगळं काही बोलत नाहीयेत, पोप आणि युनोचे सरचिटणीस यू थांट म्हणतायत तेच म्हणतायत. तिकडून उत्तर आलं, पोप आणि यू थांट यांना आमचा गहू लागत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच खो खो हसलो, आमची ही आतून बघायला आली काय झालं म्हणून. अहो, हा तर आमचा कट्टाच! बोलणं खरं की खोटं, बॉम्ब पडतायत की नाही, त्यावर कोणी बोलतच नाही. प्रश्न एकच, जेवतोस कोणाचं.

आता मित्राची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणेल माझं नाव न घेता मला झोडलं. तो म्हणतो, अमेरिकेला शिव्या देणं हे जगातलं सगळ्यात स्वस्त काम आहे, काही पैसे पडत नाहीत, कोणी दार ठोठवायला येत नाही, उलट लोक तुम्हाला विचारवंत म्हणतात. हिंमत असेल तर रशियाला बोला, चीनला बोला. यात तथ्य आहे आणि मी ते त्याच्यासमोर कबूल केलंय (एकदाच). 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये घुसले, तेव्हा 25 तारखेला मॉस्कोच्या लाल चौकात फक्त आठ जण निषेधाचे फलक घेऊन बसले, त्यात नताल्या गोर्बानेव्हस्काया ही कवयित्री तान्ह्या पोराला बाबागाडीत घालून आली होती. काही मिनिटांत सगळ्यांना उचललं. कोणाचे दात पडले, कोणी छावणीत गेलं, कोणाला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, पुढे नताल्यालाही. त्यांच्यापुढे आमचं कट्ट्यावरचं साम्राज्यवाद-मुर्दाबाद म्हणजे चहाबरोबरची खारी.

आणि आपण काय केलं त्या वेळी? सुरक्षा परिषदेत तटस्थ राहिलो. अशोक मेहता तेव्हा केंद्रात मंत्री होते, त्यांना हे पटलं नाही, त्यांनी राजीनामा दिला. एका परक्या देशावर तिसऱ्या देशाने रणगाडे घातले म्हणून आपल्या मंत्र्याने खुर्ची सोडली, ही गोष्ट आज सांगितली तर पोरं म्हणतात, काका, खरं का? त्याच्या आधी 1956 ला हंगेरीत सोव्हिएत रणगाड्यांचं हेच, सुएझ कालव्यावरून इजिप्तवर चाल केली म्हणून ब्रिटन-फ्रान्सला आपण खडसावलं आणि हंगेरीच्या वेळी जीभ टाळूला चिकटली.

माझी स्वतःची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. 1980 चा जानेवारी, सोव्हिएत फौजा नुकत्याच अफगाणिस्तानात शिरलेल्या, मी सोलापुरात बँकेत नवीन लागलो होतो आणि लॉजवर आम्ही चौघं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडायचो. 14 जानेवारीला युनोच्या आमसभेत ठराव आला, परकी फौज मागे घ्या म्हणून, 104 देश बाजूने, 18 विरोधात, 18 तटस्थ, आणि तटस्थांत आपण. त्याच दिवशी इकडे इंदिराबाईंनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. आणि मी टेबलावर मूठ आपटून आपल्या तटस्थपणाचं समर्थन करत होतो! माझा मुद्दा काय, तर 1971 ला बांगलादेशच्या युद्धात रशियाने आपल्यासाठी सुरक्षा परिषदेत तीन वेळा व्हेटो वापरला, डिसेंबरमध्ये आमसभेत आपल्याविरुद्ध पण 104 च मतं पडली होती (आकडा तोच, मला तेव्हा हा फार मोठा शोध वाटला होता), तेव्हा आपल्या बाजूला कोण उभं राहिलं? मग आता त्यांना कसं बोलायचं? रूममेट म्हणाला, अरे पण काबूलच्या माणसाने तुझा व्हेटो खाल्लाय का? मी म्हटलं, तुला कळत नाही. म्हणजे खाल्ल्या मिठाला जागायचं काम मी पूर्वीच करून झालोय, बावीस वर्षांचा असताना, मोठ्या आवाजात.

सरकारांचं एक वेळ समजू शकतो, त्यांना तेल घ्यायचं असतं, शस्त्रं घ्यायची असतात. 2003 ला इराकवर हल्ला झाल्यावर आपल्या संसदेने एकमताने ठराव केला, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपले मनोहर जोशी, आणि ठरावात कोणता शब्द घालायचा यावर दिवसचे दिवस गेले. शेवटी हिंदीत 'निंदा' घातला. इंग्रजीत विरोधकांनी त्याचा अर्थ धिक्कार असा लावला आणि सरकारने खेद. दोघं खूश. एक शब्द, दोन भाषा आणि वाजपेयींचं सरकार, सगळे सुखरूप बाहेर. पण मी सरकार नाही हो, मला कोणाकडून पाणबुडी घ्यायची नाहीये.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे अमेरिकेविरुद्ध जेवढा म्हणून मालमसाला आहे तो जवळजवळ सगळा अमेरिकनांनीच पुरवलेला आहे. 1971 चंच घ्या. ढाक्यात पाकिस्तानी सैन्य कत्तली करत होतं, प्रेसिडेंट निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर गप्प, कारण त्यांना पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखानमार्फत चीनशी बोलणी करायची होती. तेव्हा ढाक्यातल्या अमेरिकन कचेऱ्यांतल्या वीस जणांनी 6 एप्रिलला स्वतःच्याच सरकारला तार केली की तुमचं धोरण नैतिकदृष्ट्या दिवाळखोर आहे. कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी आपली पुस्ती जोडून ती पाठवली. त्या माणसाला परत बोलावलं, करिअरची वाट लागली. तो पगार कोणाचा खात होता? गहू सोडा, घरभाडं, पोरांची शाळा, सगळं अमेरिकेचं. हे सांगितलं की मित्र म्हणतो, ते त्यांचे लोक, त्यांचा हक्क आहे, तू कोण? आणि इथे आमचं खरं भांडण आहे, बाकी सगळी फोडणी. तो म्हणतो बोलायचा हक्क घरच्यांना. मी म्हणतो बॉम्ब घरच्यांवर पडत नाही ना, मग ज्याच्यावर पडतो त्याने कोणाच्या घरी जाऊन हक्क मागायचा? वीस वर्षं झाली, आम्ही इथून एक इंच हललेलो नाही.

2019 च्या एप्रिलमध्ये आम्ही मुलाकडे होतो. शनिवारी बारा वाजता लायब्ररीच्या कोपऱ्यावर सहा-सात म्हातारे-म्हाताऱ्या फलक घेऊन उभे राहायचे, बरोबर एक तास, मग फोल्डिंगच्या खुर्च्या गाडीत घालून घरी. विषय येमेन. सौदीच्या तिथल्या युद्धाला अमेरिका जी मदत करत होती ती थांबवायचा ठराव त्यांच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, दोन्ही सभागृहांनी पास केला होता, सिनेटमध्ये 54 विरुद्ध 46, आणि ट्रम्प व्हेटो करणार की नाही याची वाट बघणं चालू होतं (16 एप्रिलला केलाच). जाणारी गाडी हॉर्न वाजवायची. मी एका आजोबांना विचारलं की हा हॉर्न पाठिंब्याचा की शिवीचा, तर म्हणाले काच खाली झाली तर शिवी. थंडी मरणाची, ते हात चोळत होते, मला म्हणाले जरा धरता का. मी फलकाकडे बघितलं, मग लांब पार्किंगमध्ये उभ्या मुलाकडे बघितलं, तो दोन्ही हातांनी नको-नको करत होता, "बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात!" तर मी फलक नाही धरला. त्यांचा थर्मास धरला. पंधरा मिनिटं येमेनसाठी मी एक थर्मास धरून उभा होतो, हे माझं एकूण योगदान.

तेव्हा पोराला घाबरट म्हटलं होतं. आता तेही म्हणवत नाही. पुतण्याला एमएसला जायचंय, जानेवारीची ॲडमिशन, मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत, इंटरव्ह्यूची तारीख मिळालेली. व्हिसाच्या फॉर्मात पाच वर्षांतले सोशल मीडियाचे सगळे अकाउंट लिहावे लागतात आणि 2025 च्या जूनपासून विद्यार्थ्यांना ते पब्लिक करून ठेवायला सांगितलंय, म्हणजे तपासणारा आरामात बघेल. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "काका, रागावू नका, पण तुमच्या त्या इराकच्या पोस्टमध्ये मी टॅग आहे." मी म्हटलं अरे ती तर तुझ्या बीईच्या सेमिस्टरमधली आहे. "हो, पण दिसते ना."

काढला टॅग. नुसता टॅग नाही, त्याचा व्हिसा हातात येईपर्यंत तसल्या सगळ्या पोस्ट फक्त मलाच दिसतील अशा करून ठेवल्या, संध्याकाळचे दोन तास गेले. पोपना व्हिसा लागत नाही, आमच्या पुतण्याला लागतो.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हे सांगितलं, म्हटलं हसून घे काय हसायचंय ते. मित्र हसला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्यावर 50 टक्के टॅरिफ नेलं तेव्हा या मिठाला जागणाऱ्या माणसाने ट्रम्पवर एवढी मोठी पोस्ट टाकली होती, वर सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड केली होती, आणि त्याच्या नातीला पुढच्या वर्षी बोस्टनला जायचंय. खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला आणि हळू आवाजात म्हणाला, ते फक्त मलाच दिसेल असं करायचं बटण कुठे असतं रे?