कोलंबस उतरवला तिथून पुढे

जानेवारी २०२२. आमच्या मनोरंजन पार्कातल्या कोलंबसचं, म्हणजे झोके घेणाऱ्या राइडचं, जहाज लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं होतं. चाचांनी वरच्या सांध्याजवळचा रंग तासून काढला, वेल्डिंग उघडं केलं, फडक्यानं पुसलं आणि त्यावर लाल द्रव मारला. आम्ही थांबलो. मग त्यांनी लाल पुसून घेतलं आणि वरून पांढरी पावडर फवारली. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली. केसासारखी बारीक, चार बोटं लांब.

"पोरी, हे बघ," चाचा एवढंच म्हणाले.

ते १९९६ पासून आमच्याकडे मिस्त्री आहेत. ती रेघ म्हणजे लोखंडातली चीर, हे मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून माहीत होतं. त्यांना हातानं माहीत होतं.

आमचं पार्क लातूरहून औशाकडे जाताना लागतं. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा महिनाभर तिकडे भाकरी, चादरी, पत्रे पोचवत होते. पुढच्या वर्षी ते मुंबईला गेले असताना गोराईचं एस्सेलवर्ल्ड पाहून आले. घरी येऊन म्हणाले, आपल्याकडच्या लेकरांना हसायला जागा नाही. १९९६ च्या दिवाळीत त्यांनी सात एकरांत पार्क उघडलं: एक आकाशपाळणा, घोड्यांचा पाळणा, एक झुकझुकगाडी आणि गाडीच्या वाटेवर उभं केलेलं गाव. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, तेलाचा घाणा, विहिरीवरची मोट. पुतळे सिमेंटचे, पण मोट खरी, चामड्याची. कोलंबस १९९९ ला आला आणि दहा वर्षं फक्त त्याच्यासाठी लोक येत. अहमदपूर, उदगीर, निलंग्याहून शाळांच्या सहली यायच्या. आज ज्यांची मुलं येतात, ते स्वतः तेव्हा चौथीत होते.

मी पुण्याची नोकरी सोडून २०२१ मध्ये परत आले. कोरोनात पार्क दीड वर्ष बंद होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तीही फक्त कोरड्या राइडना, पाण्याला बंदीच होती. दीड वर्ष उभं राहिलेलं यंत्र चालत्या यंत्रापेक्षा जास्त बिघडतं. ग्रीस वाळलं होतं, बेअरिंगमध्ये पाणी शिरलं होतं, उंदरांनी केबल कुरतडल्या होत्या. म्हणून एकेक राइड उघडून तपासायचं ठरवलं, आणि कोलंबसपाशी ती रेघ निघाली.

मी त्या रात्री हिशेब केला. एका फेरीत जहाज साधारण बारा मोठे झोके घेतं. दिवसाला चाळीस फेऱ्या, वर्षाला तीनशे दिवस. म्हणजे वर्षाला १,४४,००० झोके आणि एकवीस वर्षांत तीस लाखांवर. प्रत्येक झोक्याला तोच सांधा एकदा ताणला जातो, एकदा दबतो. एकदाही जास्त माणसं बसवली नाहीत तरी लोखंड अशानं थकतं. वरून रंग दरवर्षी नवा होता. रंगानंच ती चीर झाकली होती.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वेल्डिंग मारून घ्या ना." याच्यावर आमचे तीन दिवस वाद झाले. चीर भरता येते, पण तिच्या शेजारचं लोखंडही तेवढंच थकलेलं असतं. नवी चीर वेल्डिंगच्या काठाला सुरू होते. चौथ्या दिवशी आप्पा स्वतः शिडी चढून गेले, चष्मा लावून ती रेघ बघितली, खाली आले आणि म्हणाले, "उतरवा." पुन्हा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. भंगारवाला आला त्या दिवशी ते पार्काकडे फिरकले नाहीत.

जुनं पार्क नवं करायचं म्हणजे नवी राइड आणायची, असं मलाही वाटत होतं. खरं काम तिथून सुरू होत नाही. काय काढायचं, हे ठरवण्यापासून सुरू होतं, आणि त्या निर्णयात घरच्यांना बरोबर घ्यावं लागतं. ते जमलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मुंबईहून एक सल्लागार आले होते. त्यांनी सुंदर चित्रं काढून आणली: सिमेंटचं गाव पाडायचं, तिथं डायनासोर, गुहा, रंगीत दिवे. माणूस आपल्या कामात हुशार होता. पण डायनासोर आता सगळीकडे आहेत. मोट चालताना बघायला लातूरच्या पोराला दुसरीकडे कुठं जायचं? मी गाव ठेवायचं ठरवलं. पुतळ्यांच्या हातापायांतल्या गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या, ते सगळे दुरुस्त केले. मोटेचं चामडं नवं शिवून घ्यायला मात्र माणूस मिळेना. तीन जिल्हे शोधले. शेवटी एका म्हाताऱ्या आजोबांनी उजेडात बसून चार दिवसांत ती शिवून दिली, आणि त्यांच्या नातवानं ते मोबाइलवर टिपून ठेवलं.

वाढवायला जागा हवी होती. शेजारचे चार एकर चुलत्यांचे. सातबारावर सात नावं, त्यांतल्या दोन आत्या सोलापूर जिल्ह्यात दिलेल्या. प्रत्येकीच्या घरी गेले, साडी नेली, कागद नेला. एक आत्या म्हणाली, "तुझ्या आजोबाची जमीन हाय, पाळण्याला का होईना पण नातीच्या हातात जातीय." सही केली. पुढे अकृषिक परवानगीची फाइल एका कार्यालयात चार महिने एकाच टेबलावर पडून होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दर सोमवारी जाऊन बसायचं, एवढा एकच उपाय मला सापडला.

जमीन मिळाली तर ती काळी. उन्हाळ्यात तिच्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. जुन्या आकाशपाळण्याचा पाया याच मातीनं एका बाजूला दोन बोटं उचलला होता. म्हणूनच पाळणा करकरायचा आणि आम्ही वर्षानुवर्षं बेअरिंगला दोष देत होतो. नव्या पाळण्यासाठी माती तपासून घेतली. माती काढत मुरुमापर्यंत जायचं की खालून फुगीर बुडाचे खांब घालायचे, असे दोन मार्ग होते. काळ्या मातीसाठी हे खांब रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केले. खालचा फुगवटा माती हलत नाही त्या खोलीत अडकतो, वरची माती कितीही फुगली तरी खांब वर उचलला जात नाही. आम्ही खांब घेतले. शिवाय भूकंपानंतर लातूर वरच्या धोका विभागात गेलंय, २००२ च्या मानकात ते तिसऱ्या विभागात आलं. त्या हिशेबानं सगळं डिझाइन पुन्हा तपासून घ्यावं लागलं. पाया घालण्यात एवढे पैसे गेले की आप्पा म्हणाले, "एवढं जमिनीत पुरलंस, वर दिसणार काय?"

खरंच काही दिसत नव्हतं. वायरिंगचंही तेच. १९९६ च्या अॅल्युमिनिअमच्या केबल, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा कधी भरला होता ते कुणालाच आठवेना. आठ महिने आम्ही फक्त चर खणत होतो. गिऱ्हाइकं विचारायची, "नवीन काय आणलं?" आणि माझ्याकडे दाखवायला नुसता मातीचा ढीग असायचा. हा काळ सगळ्यात अवघड गेला. पैसे रोज जातात, दारावर मात्र एक तिकीट जास्त फाटत नाही.

बंद पडलेल्या पार्कांतल्या जुन्या राइड याच काळात विकायला येत होत्या, निम्म्याहून कमी किमतीत. एक ब्रेक डान्स (गरगर फिरणारा पाळणा) बघायला मी आणि चाचा गुजरातेत गेलो. रंग झकास, चालवून दाखवला, आवाज नाही. मी वही मागितली. कुठला बोल्ट कधी बदलला, किती फेऱ्या झाल्या, कधी अपघात झाला का. वही नव्हती. चाचा बाहेर येऊन म्हणाले, "बेटा, त्याचे झोके आपल्याला कोण मोजून देणार?" आम्ही रिकाम्या हातानं परतलो. जुनी राइड स्वस्तात घ्यायच्या विचारात कुणी असेल तर माझं सांगणं एवढंच, वही नसेल तर फुकटही घेऊ नका.

मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली. लहान मुलं गेली. त्या बातमीनंतर मला दोन रात्री झोप आली नाही, कारण आमच्या खाद्यगृहाचं छतही पत्रा आणि थर्माकोलचं होतं, मागचं दार अरुंद होतं. आम्ही ते छत त्याच आठवड्यात उतरवलं. नंतर सगळीकडे तपासण्या कडक झाल्या. काही पार्कवाले वैतागले, मी नाही. आपल्याकडे राइडसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेचं प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकाचा दाखला, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा, दर जानेवारी-जुलैत द्यायचा 'ब' नमुना, पोलिसांचा परवाना, हे सगळं लागतं. पण कागद वर्षातून एक-दोनदा तपासला जातो आणि यंत्र रोज चालतं. म्हणून आम्ही आता रोज सकाळी दार उघडायच्या आधी प्रत्येक राइडच्या तीन रिकाम्या फेऱ्या घेतो, कमरेचा दांडा हातानं ओढून बघतो आणि वहीत सही करतो. सही नसेल तर त्या दिवशी ती राइड बंद.

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय लातूरच्या पार्काची गोष्ट पूर्ण होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमचा तलाव कोरडा होता. आप्पांनी तो जानेवारीतच बंद करून बोअर गावाला दिला होता. तो निर्णय मला आजही अभिमानाचा वाटतो. त्यामुळेच नवा वॉटर पार्क करावा का, यावर मी वर्षभर अडून राहिले. उन्हाळ्यात लोकांना पाणीच हवं असतं, मे महिन्याची निम्मी कमाई तिथून येते. पण आमच्या उन्हात रोज साधारण एक सेंटिमीटर पाणी नुसतं उडून जातं. पाचशे चौरस मीटरच्या तलावात ते पाच हजार लिटर झालं, रोज. गावातली बाई घागर घेऊन उभी असताना मी ते उडवू?

शेवटी अट घातली: बोअरचं पाणी तलावात घालायचं नाही. पार्किंगवर आणि छतांवर पडणारा पाऊस प्लास्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात साठवायचा, त्यावर हिरवी जाळी ताणायची. वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहानं धुतल्यावर निघणारं पाणी आधी गटारात जायचं, ते आता एका टाकीत निवळून झाडांना जातं. क्लोरिन दर दोन तासांनी तपासतो, कारण इथल्या उन्हात ते दुपारपर्यंत अर्ध्यावर येतं. पावसाच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे पंपांत साका धरणंही थांबलं. हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. स्लाइड मात्र दोनच केल्या. बँकेच्या अहवालात सहा होत्या.

तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. जानेवारी २०१८ पूर्वी तो २८ होता, तेव्हा सहलीच्या शाळा दारातून परत गेल्याचं आप्पा सांगतात. कर्जाचा हप्ता बघता दर वाढवणं भाग होतं. वाढवले, पण जिल्हा परिषदेच्या शाळांचा दर जुनाच ठेवला. यावर घरात सगळे एकमत झाले.

नवा पाळणा डिसेंबर २०२४ मध्ये उभा राहिला. माणसं बसवायच्या आधी प्रत्येक डब्यात वाळूची पोती भरून आम्ही तो दहा दिवस फिरवला. अर्ध्या डब्यांत पोती, अर्धे रिकामे, असंही केलं, म्हणजे तोल एका बाजूला गेला तर ब्रेक धरतो का ते कळतं. सातव्या दिवशी एक ब्रेक हळू पकडायला लागला. कंपनीचा माणूस येऊन लायनिंग बदलून गेला, आम्ही परत पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. सहलींचे दिवस हातातून चालले होते. तारीख जाहीर झाली होती, ती पुढे ढकलली.

कोलंबसच्या जागी आम्ही काही बांधलं नाही. तिथं लिंबाची चार झाडं लावलीत, खाली बाकं आहेत. परवा एक बाप मुलाला तिथं उभं करून दोन्ही हात पसरून दाखवत होता, जहाज केवढं वर जायचं ते. मी थांबून ऐकलं. आप्पा पलीकडे गाडीच्या फाटकाजवळ बसले होते, त्यांनीही ऐकलं.

तिसऱ्या स्लाइडसाठी आता सगळे मागे लागलेत. या पावसाळ्यात शेततळं किती भरतं आणि मार्चपर्यंत किती उरतं, ते मोजल्याशिवाय मी तिचा पाया खणणार नाही. चाचांनी तळ्याच्या कडेला रंगानं फुटांच्या खुणा करून ठेवल्यात.